अर्धे घर ट्रस्टमध्ये असताना वारसा कराचा अर्ज

हॅरो, लंडन

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबत पाठवलेल्या दोन्ही मृत्युपत्रांच्या प्रती मिळाल्या. तुझी आई, म्हणजे आमच्या काकू, मार्चमध्ये गेल्या आणि त्या दुःखातून सावरायच्या आतच एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून सगळी कागदपत्रे तुझ्यासमोर येऊन पडली, याचे मला फार वाईट वाटते. तू लिहिले आहेस की, रेडिंगच्या घराचा अर्धा भाग बाबांच्या ट्रस्टचा असल्यामुळे तो आईच्या इस्टेटीत, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेत, दाखवायचा नाही आणि जो काही कर बसेल तो तिच्या बचत खात्यातून भरून टाकायचा. या दोन्ही गोष्टी तशा करू नयेस, असे मला कळकळीने सांगायचे आहे. माझी नोकरीची बहुतेक वर्षे याच कामात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काकांचे, म्हणजे तुझ्या वडिलांचे, मृत्युपत्र पाहू. २०११ साली ते गेले तेव्हा त्यांनी घराचा आपला अर्धा हिस्सा विश्वस्तांकडे सोपवला, काकूंना त्यावर हयातीपुरता हक्क दिला आणि त्यांच्या पश्चात तो तुला आणि ताईला समसमान मिळावा, असे लिहून ठेवले. विश्वस्तांना मर्जीप्रमाणे कोणालाही लाभ देण्याची मुभा असती, तर उत्तर वेगळे आले असते. पण त्या कलमात काकूंना थेट हक्क दिलेला आहे, आणि मृत्युपत्राने पतीच्या मृत्यूबरोबरच मिळालेल्या अशा हक्काच्या बाबतीत १९८४ चा वारसा कर कायदा असे मानतो की ती मालमत्ता जणू त्या व्यक्तीचीच होती. म्हणजे करापुरते पूर्ण घर काकूंचे धरले जाते. लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे घर-जमिनीच्या मालकीच्या सरकारी नोंदीच्या, उताऱ्यातला मालकीचा भाग नीट वाच. एकट्या मालकाने विक्री करून पैसे घेतल्यास ती विक्री नोंदली जाणार नाही, अशा अर्थाची एक अट तिथे नोंदलेली दिसेल. हिस्से वेगळे असल्याची, म्हणजे ‘टेनन्ट्स इन कॉमन’ असल्याची ती खूण आहे. मात्र ट्रस्टमध्ये काय लिहिले आहे ते तिथे कळत नाही, ते मृत्युपत्रातूनच घ्यावे लागते.

म्हणून वारसा कराचा मुख्य अर्ज, म्हणजे आयएचटी (इनहेरिटन्स टॅक्स) ४००, भरताना घराचे दोन भाग दोन ठिकाणी जातील. काकूंच्या स्वतःच्या अर्ध्या हिश्शाचा तपशील आयएचटी ४०५ मध्ये, आणि ट्रस्टचा अर्धा हिस्सा आयएचटी ४१८ मध्ये. या दुसऱ्या पुरवणीत ट्रस्टची माहिती, विश्वस्तांची नावे, मालमत्तेचे मूल्य आणि विश्वस्त आपल्या वाट्याचा कर आताच भरणार आहेत का, हे सांगायचे असते. तू आईचा एक्झिक्युटर आहेस आणि ताईसोबत वडिलांच्या ट्रस्टचा विश्वस्तही आहेस. माणूस एकच असला तरी जबाबदाऱ्या दोन आहेत आणि त्यांचे हिशेब वेगळेच ठेवायला हवेत. ट्रस्टची नोंदणी सरकारच्या ट्रस्ट रजिस्ट्रेशन सर्व्हिसमध्ये झाली आहे का, हेही पाहा. एवढ्या जुन्या ट्रस्टांना त्यासाठी १ सप्टेंबर २०२२ ची मुदत होती. राहून गेली असेल तर आता लगेच करून टाक.

मूल्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. अर्धा हिस्सा बाजारात विकायला काढला तर निम्म्या किमतीपेक्षा कमीच पैसे येतात, म्हणून संयुक्त मालकीच्या घरात पुष्कळदा दहा ते पंधरा टक्के सूट मागितली जाते. इथे दोन्ही अर्धे काकूंचेच धरले जात असल्याने ती सूट मागू नये. अधिकृत मूल्यमापकाकडून मृत्यूच्या दिवशीची पूर्ण घराची खुल्या बाजारातली किंमत लेखी घे. एचएमआरसी, म्हणजे ब्रिटनचे कर खाते, ती डिस्ट्रिक्ट व्हॅल्युअरकडून, म्हणजे सरकारी मूल्यमापकाकडून, तपासून घेऊ शकते, त्यामुळे इस्टेट एजंटाचा तोंडी अंदाज पुरणार नाही.

आता दिलासा देणारी बाजू. काकांचा हिस्सा काकूंच्या हयातीच्या हक्काखाली गेल्यामुळे त्या वेळी तो पती-पत्नीच्या सवलतीत बसला. बाकीचे सगळेही काकूंनाच मिळाल्याने काकांची करमाफीची मर्यादा न वापरता राहिली. ती आयएचटी ४०२ भरून काकूंच्या मर्यादेत मिळवता येते. प्रत्येकी ३ लाख २५ हजार पौंड, म्हणजे दोघांचे साडेसहा लाख. राहते घर मुलांना जात असेल तर प्रत्येकी १ लाख ७५ हजारांची आणखी मर्यादा मिळते. ही घरासाठीची मर्यादा एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाली आणि काका त्याआधीच गेले, तरीही त्यांचा न वापरलेला वाटा मागता येतो. त्यासाठी ४३५ आणि ४३६ हे अर्ज आहेत. ट्रस्टचा अर्धा हिस्साही काकूंच्या मृत्यूनंतर थेट तुम्हा दोघांच्या मालकीचा होत असल्यामुळे या सवलतीला बाध येत नाही. एकूण मर्यादा दहा लाखांची झाली.

तुझ्याच आकड्यांनी मांडतो. घर ८ लाख, काकूंची बचत ४ लाख, एकूण १२ लाख पौंड. दहा लाखांच्या वरच्या २ लाखांवर ४० टक्के, म्हणजे ८० हजार पौंड कर. हा कर सगळ्या मालमत्तेवर मूल्याच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणून ट्रस्टच्या ४ लाखांच्या वाट्याला त्यातला तिसरा हिस्सा, सुमारे २६ हजार ६६७ पौंड, येतो आणि तो विश्वस्तांनी ट्रस्टमधून द्यायचा असतो.

मला सर्वांत जास्त काळजी इथेच वाटते. काकूंनी आपल्या मृत्युपत्रात घराचा स्वतःचा अर्धा हिस्सा आणि बचत मिळून दोन तृतीयांश ताईला दिले आहे, आणि शेवटच्या वर्षांत ताईने त्यांची जी सेवा केली ती पाहता ते योग्यच आहे. ट्रस्टचा हिस्सा मात्र तुम्हा दोघांत समान आहे. ट्रस्टचा कर काकूंच्या बचतीतून भरला, तर ताईवर त्याचा निम्मा भार यायला हवा त्याऐवजी दोन तृतीयांश पडेल, म्हणजे तिचे सुमारे ४,४०० पौंड विनाकारण जातील. तुझ्या मनात तसे काहीही नाही हे मी जाणतो, आणि ताईही कधी विचारणार नाही. म्हणूनच हिशेब आधी तिच्यासमोर ठेव. ट्रस्टकडे रोख रक्कम नसेल, तर काकूंच्या खात्यातून उसनी दिल्याची लेखी नोंद कर आणि घर विकल्यावर ट्रस्टच्या वाट्यातून ती परत घे.

मुदतीचेही सांगतो. काकू मार्चमध्ये गेल्या, म्हणून कर ३० सप्टेंबरपर्यंत भरायचा आहे. त्यानंतर व्याज चालू होते. अर्जाला मात्र पुढच्या ३१ मार्चपर्यंत वेळ आहे. घरावरचा कर, दोन्ही हिश्शांचा मिळून, दहा वार्षिक हप्त्यांत भरता येतो, पण त्यावर व्याज लागते आणि घर विकले की उरलेली रक्कम एकदम द्यावी लागते. बचतीवरचा वाटा बँकेने थेट एचएमआरसीला पाठवावा यासाठी आयएचटी ४२३ आहे. प्रत्येक बँकेला वेगळा अर्ज द्यावा लागतो.

भारतात इस्टेट ड्यूटी १९८५ साली रद्द झाली, त्यामुळे आपल्या घरांत मृत्यूनंतरच्या कराविषयी बोलण्याची सवयच उरली नाही. काका मात्र स्वतः सॉलिसिटरकडे जाऊन काकूंच्या डोक्यावरचे छप्पर आणि तुमचा वाटा दोन्ही सुरक्षित करून गेले. त्यांनी केलेली व्यवस्था अर्जात जशीच्या तशी उतरली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

काकांच्या प्रोबेटची (मृत्युपत्राला मिळालेल्या अधिकृत मान्यतेची) प्रत, मृत्यूचा दाखला आणि दोघांच्या विवाहाचा दाखला शोधून ठेव. ४०२ सोबत ते लागतील. ४१८ चा मसुदा तयार झाला की मला पाठव, आणि ताईला माझा नमस्कार सांग.

तुझा स्नेही