आईची तक्रार तिला वाचून दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम जय भीम.

तुमचं नाव लिहीत नाही, पोलीस खात्यात तुम्हाला त्रास नको. गावच्या हापशावर जातीवरून शिवी देऊन जिची भरली कळशी लाथाडली, ती माझी आई. एवढ्यावरून ओळखाल.

तुमच्याकडे येण्याआधी एका ठाण्यात आम्ही दिवसभर व्हरांड्यात बसून होतो. "गावात राहायचंय ना? मिटवून घ्या." "आधी चौकशी करून बघू." दिवेलागणीला कुठल्याशा कागदावर आईचा अंगठा घेतला. बाहेर येऊन मी वाचलं: 'पाण्यावरून किरकोळ बाचाबाची'. शिवी नाही, लाथ नाही. आईनं विचारलं, "काय लिवलंय?" मला सांगवलं नाही.

आई दरवर्षी २० मार्चला महाडला जाते. १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्यावर पाणी प्याले, ते तिनं आम्हाला लहानपणापासून सांगितलंय. पाण्यावरून झालेला तिचा अपमान त्या ठाण्यातल्यांनी 'किरकोळ' करून टाकला होता.

तुम्ही मला म्हणालात, "दादा, आईंना बोलू द्या." शिवी सांगताना ती अडली, तेव्हा पेन खाली ठेवून थांबलात. लिहून झाल्यावर ओळीखाली बोट फिरवत सगळं मोठ्यानं वाचलंत. मध्येच आई म्हणाली, "ईर न्हाई बाई, हापसा." तुम्ही 'विहीर' खोडलं, वर 'हापसा' लिहिलं, शेजारी सही केलीत आणि ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाचलंत. मगच अंगठा.

वकीलसाहेब म्हणाले, वाचून दाखवणं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे, २०१५ च्या दुरुस्तीपासून. आणि २०१८ पासून गुन्हा नोंदवायला आधी चौकशीची गरजच नाही. म्हणजे तुम्ही कर्तव्यच केलंत. पण वर्दीतलं माणूस अडाणी बाईच्या एका शब्दासाठी थांबतं, हे आम्ही पहिल्यांदा पाहिलं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांना ठाण्याची पायरी चढावीशी वाटते.

परतताना एसटीत आईनं पिशवीतून तक्रारीची प्रत काढली. तिला वाचता येत नाही. पण तुम्ही दोनदा वाचलेलं ते वाक्य तिनं जसंच्या तसं म्हटलं, आणि 'हापसा' म्हणताना तिचं बोट बरोबर त्या खोडलेल्या जागेवर होतं.