आई-बाबा, पुण्याला राहायचं ठरलंय

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि पुढचं सगळं माझ्या घशातच राहिलं असतं, म्हणून लिहिते. ह्यांचं सैन्यातलं युनिट फील्डला, म्हणजे सीमेकडच्या तैनातीला, निघालंय हे तुम्हाला कळलंच आहे. मी मुलांना घेऊन गुहागरला येणार नाही. पुण्याला एसएफ क्वार्टर (सेपरेटेड फॅमिलीचं लष्करी घर) मिळालंय, तिथे राहायचं ठरलं, ओवीची फीसुद्धा भरून झाली. बाबा, तुम्ही माडीवरची खोली आमच्यासाठी रंगवून घेतलीत, मला ठाऊक आहे. मे महिना आणि गणपती आमचे त्याच खोलीत.

तुमच्या घरी काही कमी आहे म्हणून हे ठरवलं असं एक क्षणही मनात आणू नका. फील्डला कुटुंब नेता येत नाही, म्हणून मागे राहणाऱ्या बायकामुलांना छावणीत असं घर देतात. अर्ज युनिटमार्फत जातो, नंबराची यादी असते, आणि हातचं सोडलं तर पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही. क्वार्टर घेतलं की घरभाडे भत्ता बंद होतो, तरी बाहेर भाड्याने राहण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं. गेटवर पहारा आहे, आणि शेजारच्या सगळ्याजणींचे नवरे असेच लांब, त्यामुळे रात्री कुणाचंही दार वाजवता येतं.

खरं कारण चिनूचा दमा. पावसात भिंतींना ओल धरली की त्याची छाती भरते, हे तुम्ही पाहिलंय. रात्री अटॅक आला तर गुहागरहून चिपळूण गाठायचं, त्याहून मोठं काही लागलं तर कुंभार्ली घाट, आणि तिथे दरड आली असेल तर संपलंच. इथे खडकीचं एमएच, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल, जवळ आहे. डिपेंडंट कार्डावर मुलांचं औषधपाणी फुकट होतं. शाळेचंही तसंच. केंद्रीय विद्यालयात बदलीवाल्यांच्या मुलांना आधी घेतात. अडीच-तीन वर्षांनी युनिट पीसला, म्हणजे कुटुंब नेता येतं अशा ठिकाणी, आलं की आम्हाला पुन्हा देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. अभ्यासक्रम तोच राहिला तर ओवीची ओढाताण होणार नाही. गावात मराठी माध्यम, मग मध्येच हिंदी-इंग्रजी, हे तिच्यावर नको.

आई, घर दोन खोल्यांचं आहे, पण गॅलरीत ऊन येतं. तुळस लावलीय. सामान सैन्याच्या कॅन्टीनमधून स्वस्त मिळतं. पोरं पोटभर जेवतात, मीही जेवते.

ह्यांच्या फोनबद्दल नीट लक्षात ठेवा. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून त्यांचा जुना नंबर बंद लागेल. घाबरायचं नाही. तिथलं सिम घेतलं की नंबर मी कळवेन. हिवाळ्यात चार-सहा दिवस फोन लागला नाही तरी त्याचा अर्थ एवढाच, की पोस्टवर रेंज नाही. काही कमीजास्त झालंच तर युनिट आधी मला कळवतं. त्यामुळे कुणी अनोळखी फोन करून ‘जावई जखमी आहेत, पैसे पाठवा’ म्हणाला तर सरळ ठेवून द्यायचा आणि मला लावायचा. बाबा, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. आणि वाडीच्या ग्रुपवर ह्यांचा वर्दीतला फोटो, युनिटचं नाव, ‘अमुक ठिकाणी गेले’ असलं काही टाकायचं नाही. तुम्हाला अभिमान वाटतो म्हणून टाकता, मला समजतं. तरी नाही.

रजेचंही आधीच सांगते. वर्षाची ६० दिवसांची रजा आणि वर कॅज्युअल मिळते, पण सगळ्या जवानांना एकदम सोडत नाहीत. ह्या गणपतीला ते येतीलच असं वाडीत कुणाला सांगून ठेवू नका. आई मोदकांचा नारळ आधीपासून बाजूला काढते, मग तिचं तोंड उतरतं आणि ते मला इथून बघवत नाही.

आता तुमचं. ह्यांच्या डिपेंडंट कार्डावर त्यांचेच आईवडील बसतात, तुमची नावं घालता येत नाहीत, हे माझ्या जिवाला लागून राहिलंय. म्हणून बाबा, तुम्हाला सत्तर पूर्ण झाली आहेत तर आयुष्मान वय वंदना कार्ड ह्याच महिन्यात काढा. वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज होतो, उत्पन्नाची अट नाही. वय आधारवरचं धरतात, म्हणून आधार आणि ओटीपीसाठी मोबाइल बरोबर न्या. हा ओटीपी मात्र केंद्रात समोर बसून द्यायचा.

आई, इन्सुलिनच्या न उघडलेल्या पेनांना २ ते ८ अंश लागतात. वीज गेली तर फ्रीज सारखा उघडू नकोस. जास्त वेळ गेली तर पेनं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या माठात ठेव. बर्फाला चिकटवून ठेवू नकोस, गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं. चालू पेन बाहेर चालतं, पण किती दिवस ते खोक्यावर लिहिलेलं असतं. उघडल्याची तारीख पेनावर लिही. जेवायला उशीर होणार असेल तर आधी टोचून घेऊन पूजेला बसू नकोस. लहानपणी तू मला तापात औषध घशाखाली गेल्याशिवाय उठू द्यायची नाहीस, आता माझं ऐक. आणि बाबा, सुपारीवर स्वतः चढायचं नाही. पाडेल्याला बोलवा, त्याचे पैसे मी पाठवते. नानांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

एक काम आहे. माझा शाळा सोडल्याचा दाखला कपाटातल्या हिरव्या फायलीत असेल. ह्यांच्या रेकॉर्डला माझी जन्मतारीख आणि आधारवरची जुळत नाही. लग्नानंतरच्या नावातही एक अक्षर वेगळं पडलंय. आता सरळ केलं नाही तर पुढे पेन्शनच्या कागदांत तेच आडवं येतं. मूळ दाखला पोस्टाने पाठवू नका, स्पीड पोस्टनेही नको. पुढच्या आठवड्यात अण्णा पुण्याला येणार आहेत, त्यांच्याच हातात द्या. आणि आई, त्यांच्याकडे कोकमाच्या आगळाची एकच बाटली दे. गेल्या वेळसारख्या चार नकोत, त्यांना ओझं उचलवत नाही.

तुमची,
सुमी