कागद काढून घेतलेत, त्याबद्दल

प्रिय मावशी,

चर्चमध्ये सगळे तुम्हाला ‘मदर’ म्हणतात. माझ्या तोंडी ते बसत नाही. आईच्या वयाच्या आणि आईसारखंच हक्कानं दटावणाऱ्या बाईला आमच्याकडे मावशी म्हणतात, म्हणून मी तेच म्हणते. पत्र मराठीत लिहितेय, कारण तुमच्याबद्दल माझ्या माणसांना सांगायचं आहे. तुम्हाला मी ते शेजारी बसून, अर्थ सांगत वाचून दाखवीन.

फेब्रुवारीत आमच्या इमारतीतल्या भाडेकरूंची पहिली बैठक तुमच्या चर्चच्या तळघरात भरली. अटलांटातली जुनी इमारत, भिंतींना ओल, आणि त्यात भाडेवाढीची नोटीस. तीसेक जण आले होते. मी ‘वी शॅल ओव्हरकम’चे, म्हणजे आपल्या ‘हम होंगे कामयाब’च्या मूळ इंग्रजी गाण्याचे, शब्द छापून आणले होते आणि मोबाइलवर चाल लावली होती. सगळ्यांनी कागदात माना घातल्या. ओठ हलले, आवाज काही फुटेना. तुम्ही मागे खुर्च्या मांडत होतात. पुढे आलात, सगळ्यांच्या हातातले कागद गोळा केलेत, मोबाइल बंद करायला लावलात आणि म्हणालात, “कागदात बघत राहिलात तर शेजारी कोण बसलंय ते कधी बघणार?”

मग तुम्ही एक ओळ म्हटलीत आणि थांबलात. आमच्या भजनात बुवा चरण सोडतात आणि टाळकरी तो उचलतात, तसं. पहिल्यांदा चार जणांनी उचललं. तिसऱ्या वेळी कोपऱ्यातल्या त्या ग्वातेमालाच्या आजींनी उचललं, ज्यांना इंग्रजी येत नाही. त्या दिवशी तळघरात काय झालं हे मला तेव्हा कळलं नव्हतं. पुढे तुम्हाला दर गुरुवारी गाडीतून घरी सोडताना तुम्ही सांगत गेलात, तसं उलगडत गेलं.

ते गाणं तुमच्या चर्चमध्ये आधी ‘मी’ म्हणून गात. १९४५-४६ च्या हिवाळ्यात दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये सिगार कारखान्यातल्या कामगारांचा संप चालू होता, त्यात बहुसंख्य काळ्या बायका होत्या. पिकेटिंग करताना त्या तेच गाणं ‘आम्ही’ म्हणून गायच्या. ल्युसिल सिमन्स नावाची कामगार बाई ते अगदी संथ लयीत म्हणायची. त्यांच्याकडून ते टेनेसीतल्या हायलँडर लोकशाळेत झिल्फिया हॉर्टन यांच्याकडे गेलं, त्यांच्याकडून लोकगायक पीट सीगर यांच्याकडे. १९६० च्या एप्रिलमध्ये उत्तर कॅरोलायनातल्या रालीला नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना उभी राहत होती, तिथे लोकगायक गाय कॅरावान यांनी ते म्हटलं आणि पोरांनी ते आपलं करून टाकलं. मी ते मुंबईत शाळेच्या प्रार्थनेत हिंदीतून म्हणायचे, ओळीत हात जोडून उभी राहून. त्यामागे संपातल्या बायका उभ्या आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण तुमचा जीव जॉर्जियातल्याच ऑलबेनीच्या गोष्टीत. (तुम्ही मला तीनदा सुधारलंत: न्यूयॉर्कवाले म्हणतात तसं नाही, आमचं ऑल-बेनी.) डिसेंबर १९६१ च्या मध्यापर्यंत तिथे वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चांत सातशेहून जास्त माणसं पकडली गेली होती. गावातला तुरुंग पुरेना म्हणून आसपासच्या काउंट्यांमध्ये नेऊन कोंबली. तुमची आई त्यांत होती, तुम्ही बारा वर्षांच्या. रस्त्याच्या एका बाजूला शायलो चर्च, समोर माउंट झायन; एकात सभा मावेनाशी झाली की दुसरं उघडायचं. भाषणं तुम्हाला फारशी आठवत नाहीत. पायांनी धरलेला ठेका आठवतो, लाकडी जमिनीतून थेट पोटात येणारा.

तिथल्याच कॉलेजातल्या बर्निस जॉन्सन यांना मोर्चात गाणं सुरू करायला सांगितलं होतं. चर्चमधल्या जुन्या गाण्यात ‘हवेत संकट दिसतंय’ अशी ओळ होती. त्यांनी ‘संकट’ काढलं आणि तिथे ‘स्वातंत्र्य’ घातलं. कॉलेजनं त्यांना काढून टाकलं. तुरुंगातून आल्यावर आपला आवाज पूर्वीपेक्षा मोठा झाला होता, असं त्या पुढे सांगत. १९६२ मध्ये त्या, कॉर्डेल रेगन, रूथा मे हॅरिस आणि चार्ल्स नेब्लेट असे चौघं ‘फ्रीडम सिंगर्स’ म्हणून निघाले. गाडीतून देशभर फिरून गायचे आणि चळवळीसाठी पैसे जमवायचे.

शब्द बदलण्याची ही रीत मला अगदी घरची वाटली. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाबद्दल ते बोलायला लागले की जेवण थंड व्हायचं. तमाशाचा साज तोच, ढोलकी तीच, पण गण-गवळणीला अण्णाभाऊंनी फाटा दिला आणि त्या जागी कष्टकऱ्यांना आणलं. लोकांच्या अंगात मुरलेली चाल घ्यायची, म्हणजे नवा शब्द शिकवावा लागत नाही. मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही गाडी थांबवायला लावलीत आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांग म्हणालात.

आपलं एकदाच वाजलं. ‘धिस लिटल लाइट ऑफ माइन’ (माझा हा छोटासा दिवा) शिकवताना मी म्हटलं, ‘मी’ऐवजी ‘आपण’ करू या, एकजूट दिसेल. वर मराठीची फुशारकीही मारली, की आमच्याकडे समोरच्याला वगळणारं ‘आम्ही’ आणि सामावून घेणारं ‘आपण’ अशी दोन वेगवेगळी आहेत. तुम्ही ऐकून घेतलंत आणि ठाम नाही म्हणालात. ‘आपण’ म्हटलं की माणूस गर्दीच्या मागे उभा राहू शकतो. ‘मी’ प्रत्येकाला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं, आणि खोलीतल्या सगळ्यांनी म्हटलं की मगच जमाव होतो. बर्निस रेगनही (त्याच बर्निस जॉन्सन, लग्नानंतर रेगन) हेच सांगायच्या, असं तुम्ही म्हणालात.

मग फॅनी लू हेमर यांची गोष्ट सांगितलीत. ३१ ऑगस्ट १९६२. मिसिसिपीत रूलव्हिलहून अठरा काळी माणसं मतदार म्हणून नाव नोंदवायला इंडियानोलाला गेली. परतताना पोलिसांनी बस अडवली, का तर बस फार पिवळी आहे, शाळेच्या बससारखी दिसते. पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भेदरलेल्या त्या बसमध्ये मळ्यात राबणारी एक बाई, म्हणजे हेमर, गायला लागली. त्याच दिवशी मळेवाल्यानं त्यांचं अठरा वर्षांचं काम आणि राहती जागा दोन्ही काढून घेतली. त्या बसमध्ये ‘आपण’ म्हणून भागलं नसतं, हे मला आता पटतं.

घरमालकाच्या कचेरीत आम्ही गेलो त्या दिवशी तुम्ही आजारी होतात, म्हणून हे तुम्हाला नीट सांगायचं राहिलंय. आम्हाला दीड तास बाहेर उभं केलं. लोक घड्याळं बघायला लागले, दोघं परत निघाले. तेव्हा ग्वातेमालाच्या आजींनी पायानं ठेका धरला. सुरुवात मी केली नाही, मावशी, त्यांनी केली. निघालेले दोघे परत आले. भाडेवाढ रद्द झाली नाही, निम्म्यावर आली. ओलीचं काम जूनमध्ये सुरू झालं. गुरुवारची बैठक अजून भरते.

मागे तुम्ही विचारलंत, तुझ्या आजीचं गाणं कुठलं? मी लाजत जात्यावरची ओवी म्हटली. तुम्ही डोळे मिटून खालच्या पट्टीत नुसता हुंकार भरत राहिलात आणि ओवी संपल्यावरही थांबला नाहीत, म्हणून मला दुसरी म्हणावी लागली, मग तिसरी. आजी गेल्यापासून त्या ओव्या मी कुणासमोर म्हटल्या नव्हत्या. त्याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.

या गुरुवारी साडेसहाला न्यायला येते. आजींनी त्यांच्या गावचं गाणं आणायचं कबूल केलंय, आणि कागद आणणार नाही म्हणाल्यात.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची