नव्या जन्माची तारीख

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘पुनर्जन्म ख्रिस्ती धर्मालाही मान्य आहे, खुद्द येशूने तो सांगितला आहे’ असे एका वाचकाने आपल्या अंकात लिहिले होते. हेतू चांगला असला तरी त्यात गल्लत झाली आहे. येशू हे ज्याच्याशी बोलला त्या निकदेमाचीही हीच गल्लत झाली होती. निकदेम परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, लोकांना शास्त्र शिकवणारा. तो रात्रीचा भेटायला आला. नव्याने जन्मल्यावाचून देवाचे राज्य दिसत नाही, हे ऐकून त्याने विचारले, म्हातारा माणूस आईच्या पोटात पुन्हा कसा शिरणार? तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचे अर्थ दोन, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेमाने पहिलाच धरला. मेल्यावर दुसरा देह मिळण्याची ही गोष्टच नाही. आहे त्याच देहात, याच आयुष्यात देवाकडून मिळणारा हा जन्म. म्हणून आमच्यात ‘नवा जन्म’ म्हणतात.

मी 31 वर्षे प्रसूतिगृहात नोकरी केली. निकदेमाची ही भेट बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात आहे. तो अध्याय मला तिथेच उमगला. कळा आईच्या, धावपळ आमची. बाळाने स्वतःचा जन्म स्वतः घडवलेला मी एकदाही पाहिला नाही. कोणी ख्रिस्ती माणूस ‘माझा नवा जन्म झाला’ म्हणतो तेव्हा तो स्वतःची बढाई मारत नसतो, हे इतर वाचकांनी कृपया समजून घ्यावे.

आता थोडे आमच्याच लोकांसाठी. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, पुढे दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झाले, गायनमंडळातही होते. काही वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत मला विचारले, ‘ताई, तुमचा नवा जन्म कधी झाला? तारीख सांगा.’ शेजारच्या बाईने दिवस, वेळ सगळे सांगितले. मला काही सांगता आले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यातच नवा जन्म होतो असे काही मंडळ्या (चर्च) मानतात, काही मनातल्या अनुभवावर भर देतात. हा वाद जुना आहे, तो मी काय सोडवणार?

पण पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव आमच्यापासून जवळ आहे, आणि त्यांचे उदाहरण मला धीर देते. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले, तिने असे उघड कबूल करायचे, याला केवढे धैर्य लागले असेल!

माझे सांगते. सामाईक भिंतीवरून जाऊबाईंशी माझा नऊ वर्षे अबोला होता. रविवारी मी शेजारच्याच बाकावर बसून प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेत होते, तरीही. मग साखरेमुळे त्यांच्या पायाची जखम चिघळली. घरात नर्स असून बाहेरून माणूस बोलवायचा, लोक काय म्हणतील, एवढ्यासाठी मी ड्रेसिंग करायला गेले. पाच महिने जात होते. त्यातल्या कुठल्या ड्रेसिंगला मनातली अढी गेली, ते मला सांगता येणार नाही. पण गेली, आणि ती मी काढली नाही, एवढे नक्की. पुढे त्या मला हाक मारायच्या ती धाकट्या बहिणीला मारावी तशी.

बाळाच्या जन्माची वेळ केसपेपरवर मिनिटासकट आम्ही लिहायचो. बाळाला ती कुठे ठाऊक असते?

निकदेम पुढे शुभवर्तमानात आणखी दोनदा भेटतो. सातव्या अध्यायात तो अधिकाऱ्यांमध्ये येशूची बाजू घेऊन एक प्रश्न विचारतो आणि टोमणा खातो. एकोणिसाव्यात येशूला पुरायला गंधरस आणि अगरू ही सुगंधी द्रव्ये घेऊन येतो, सुमारे शंभर शेर. मधल्या काळात त्याचा नवा जन्म कोणत्या दिवशी झाला, हे योहानाने लिहिलेले नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, दौंड