विचारण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी-मार्च आला की अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रकल्पाचं सामान घ्यायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गर्दी करतात. तिथल्या काउंटरवर आणि कॉलेजच्या लॅबमध्येही एकच प्रश्न ऐकू येतो : "हे चालत नाहीये, काय झालं असेल?" एवढ्यावरून कुणालाच उत्तर देता येत नाही. मग बोर्ड बदलला जातो आणि नवाही तसाच बंद पडतो. विचारण्यात काहीच गैर नाही. पण कोणतं कोडं आधी स्वतः सोडवायचं आणि कुठे हात न लावता विचारायचं, हे मुलांना नीट कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही मुलांना एवढंच पाहायला सांगतो, की चुकलेला प्रयोग मागे घेता येतो का? प्रोग्रॅम पुन्हा टाकता येतो, वायर काढून दुसरीकडे लावता येते. बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटचं व्होल्टेज मोजल्यानंही काही बिघडत नाही, फक्त लाल प्रोब १० अँपिअरच्या खाचेत राहिलेला नाही ना, हे पाहावं. राहिला असेल तर थेट शॉर्ट होतो. अशा ठिकाणी निदान अर्धा तास स्वतः झटावं. जिथे चूक जाळते, पुसते किंवा शॉक देते, तिथे पहिल्याच मिनिटाला विचारावं.

नेहमीचं उदाहरण घ्या. छोटी रोबोट गाडी, दोन मोटरी, मोटरी चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर, प्रोग्रॅम टाकायचा अर्डुइनो उनो बोर्ड आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. यूएसबीवर प्रोग्रॅम छान चालतो. बॅटरी लावली की मोटर एक झटका देते आणि बोर्ड रीसेट होतो. मुलं मीटर लावतात, ९ व्होल्ट दिसतात, बॅटरी निर्दोष सुटते आणि खापर ड्रायव्हरवर फुटतं. इथे मोजण्याची वेळ चुकली. बॅटरी मोकळी असताना मोजून उपयोग नाही, मोटर करंट ओढत असताना मोजायला हवी. या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो; मोटर सुरू होतानाचा करंट तिला झेपत नाही आणि आकडा ६ च्याही खाली येऊ शकतो. त्यात एल२९८एन स्वतःच एका अँपिअरला १.८ ते ३.२ व्होल्ट खातो, हे त्याच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, छापलेलं आहे. बोर्डाला वीज पुरवणाऱ्या, ड्रायव्हर मोड्यूलवरच्या ५ व्होल्टच्या रेग्युलेटरला आत साधारण ७ व्होल्ट तरी लागतात. तेवढे मिळाले नाहीत की बोर्ड रीसेट होणारच. १८६५० मापाचे दोन चांगले लिथियम सेल सिरीजमध्ये लावून आणि सगळ्यांचं ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) एकत्र जोडून ही अडचण बहुधा सुटते. मीटर हाताशी असेल तर हे शोधायला पंधरा मिनिटं पुरतात.

तपासायचा क्रमही ठरलेला असावा. आधी सप्लाय, मग ग्राउंड, मग केबल. फक्त चार्जिंगच्या यूएसबी केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, त्यामुळे संगणकाला बोर्ड दिसतच नाही आणि संगणकासाठी ड्रायव्हर सॉफ्टवेअर शोधण्यात संध्याकाळ जाते. त्यानंतर डेटाशीट उघडावी. ईएसपी३२ या वाय-फायवाल्या चिपच्या ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या आहेत, आणि वाय-फाय सुरू असताना एडीसी२ च्या (व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिनांवर सेन्सरचं रीडिंग मिळत नाही. एआयकडून घेतलेल्या कोडमध्येही नेमक्या याच पिना चुकीच्या कामाला लावलेल्या असू शकतात, म्हणून पिनांचा तक्ता शेजारी ठेवूनच तो कोड वाचावा. एरर आली तर सी मध्ये पहिली ओळ आधी वाचावी, पायथनमध्ये शेवटची. ती ओळ इंटरनेटवर शोधताना आपल्या फोल्डरचं आणि फाइलचं नाव काढून टाकावं, नाहीतर काहीच सापडत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

अर्ध्या तासात सुटलं नाही, की खुशाल विचारावं. आता प्रश्न असा होतो : "सर, बॅटरी मोकळी असताना ८.१ व्होल्ट, मोटर चालू केल्यावर ७.६, पण ड्रायव्हरच्या आउटपुटला फक्त ४.२. मोटर बदलून पाहिली, तसंच." या प्रश्नाला लॅब असिस्टंट दोन मिनिटांत वाट दाखवतो. जी गोष्ट कुठे लिहिलेलीच नसते, म्हणजे लॅबमधला कोणता सप्लाय दगा देतो किंवा कोणता पार्ट सध्या बाजारात मिळत नाही, ती शोधत बसू नये, सरळ विचारावी.

घरातल्या विजेला वेगळा नियम. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला तर सगळे एमसीबी (एकेका लाइनचे स्विच) खाली करून तो वर करावा आणि मग एकेक एमसीबी चढवावा. ज्याला पडेल त्या लाइनवर गळती आहे. गीझर सापडण्याची शक्यता मोठी. सगळे खाली असूनही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागलेला असू शकतो. घरच्यांनी इथवरच करावं. डीबी, म्हणजे या स्विचांची पेटी, उघडणं वायरमनचं काम. मायक्रोवेव्ह तर प्लग काढल्यावरही उघडू नये, आतल्या कपॅसिटरवर जीवघेणा चार्ज शिल्लक असू शकतो. फुगलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये. टकटक आवाज करणारी हार्ड डिस्क तर 'एकदा चालू करून बघू' म्हणून लावूच नये. प्रत्येक प्रयत्नात आतला डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होते.

महाविद्यालयांना एक विनंती. प्रकल्पाच्या वहीत 'मोजलेले आकडे' असं एक पान सक्तीचं करावं : कुठे मोजलं, लोड असताना की नसताना, किती आलं, काय बदललं. त्या पानाला पाच गुण ठेवावेत, आणि मदत मागायला येणाऱ्या मुलाकडे ते पान आधी मागावं.

इलेक्ट्रॉनिक्सचे दोन शिक्षक, पुणे ३०