काहीच न घडलेल्या आयुष्याचं आत्मचरित्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत आत्मचरित्रांचा परिचय येतो, तो मी कधी चुकवत नाही. बहुतेकांत कुणी तुरुंगवास सोसलेला असतो, कुणी संस्था उभी केलेली असते. त्या माणसांविषयी मला आदरच आहे. पण गेला पावसाळाभर मी जे वाचलं ते यात कुठेच बसत नाही, म्हणून हे पत्र.

पणजीला शिकणाऱ्या भाचीनं जे. एम. कुट्सी या दक्षिण आफ्रिकेतल्या लेखकाची तीन पुस्तकं आणून दिली : ‘बॉयहूड’ (१९९७), ‘यूथ’ (२००२) आणि ‘समरटाइम’ (२००९). २००३ चं नोबेल मिळालेला हा लेखक. मनात म्हटलं, आता मोठ्या माणसाच्या मोठ्या गोष्टी वाचायला मिळणार. निघालं भलतंच. पहिल्या दोन पुस्तकांत हा माणूस स्वतःला ‘मी’ म्हणतच नाही, ‘तो’ म्हणतो. ‘यूथ’मधला ‘तो’ लंडनला संगणक कंपनीत नोकरी करतो, सुट्टीच्या दिवशी एकटाच वाचत बसतो आणि कविता होत नाही म्हणून कुढतो. सत्यजित राय यांची अपूची चित्रत्रयी तो ओळीनं तीन रात्री पाहतो. अपूच्या पिचलेल्या आईत आणि गोड पण बेजबाबदार वडिलांत त्याला आपलेच आईवडील दिसतात आणि अपराधी वाटतं. एवढंच घडतं. पण मी पुस्तक बाजूला ठेवून कितीतरी वेळ पागोळ्यांकडे बघत बसले.

‘समरटाइम’ तर कादंबरीच आहे. त्यात लेखकानं स्वतःला मारून टाकलंय. एक चरित्रकार त्याला ओळखणाऱ्या पाच जणांना भेटतो आणि ती माणसं त्याच्याबद्दल बोलतात, बरंचसं वाईटच. नाच शिकवणारी एक बाई तर त्याला लाकडाचा माणूस म्हणते. खऱ्या आयुष्यात त्या काळी लेखकाचं लग्न झालेलं होतं, दोन मुलं होती. पुस्तकातला जॉन, म्हणजे कुट्सीच, मात्र म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहणारा सडाफटिंग. हे कळलं तेव्हा आधी मला रागच आला. आत्मकथन म्हणायचं आणि बायकामुलं गाळायची? पण शेवटची पानं वाचली आणि राग गेला. बाकी सगळे बाहेर काढल्याशिवाय त्या घरातले बापलेक मला इतके जवळून दिसलेच नसते.

त्या पानांत एक रेकॉर्ड आहे. महायुद्धात इटलीत राहून आलेल्या वडिलांना तिथल्या गायनाचं वेड, त्यातही रेनाता टेबाल्डी या गायिकेचं. मुलाला ते गाणं सहन होत नाही. एक दिवस तो दाढीच्या ब्लेडनं ती रेकॉर्ड खरवडून ठेवतो. पुढे कितीतरी वर्षांनी परदेशातून परतल्यावर तो दुकानं पालथी घालून टेबाल्डीची दुसरी रेकॉर्ड आणतो आणि घरात लावतो, वडील खोलीतून बाहेर येतील म्हणून. ते येत नाहीत. आवाज ओळखला नाहीत का, असं विचारल्यावर नुसती मान हलवतात.

संपादक महोदय, आमच्या घरीही एक रेडिओ होता. माझे वडील कारकून. गोवामुक्तीच्या आधीही कारकून आणि मुक्तीनंतरही. आंदोलनात नव्हते, देवळाच्या कमिटीवर नव्हते, चारचौघांत बोलणंही नाही. कचेरीतून आले की कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जायचे आणि रात्री जेवणाआधी रेडिओपाशी बसायचे. पणजी केंद्रावर नाट्यसंगीत लागलं की डोळे मिटून ऐकायचे. बुधवारी आठाला मी सरळ काटा फिरवून सिलोनवर बिनाका गीतमाला लावायची. ते काही बोलायचे नाहीत, उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, त्यांना चालतंय.

ते गेल्यावर त्यांच्या तीन वह्या सापडल्या. त्यातलं एक पान मला पाठ आहे : ‘सुपारी सोलून झाली. पाऊस नाही. रेडिओ मुलीने घेतला. तुळशीपाशी बसलो.’ तारीख आहे, वार बुधवार.

त्या वह्या मी एका प्रकाशकांना दाखवल्या होत्या. त्यांनी चाळल्या आणि परत केल्या. ‘बाई, यात घडत काहीच नाही. मुक्तिसंग्रामाच्या काळातल्या काही आठवणी असतील तर बघू.’ मी मान खाली घालून उठले. आज ते वाक्य मी ऐकून घेतलं नसतं.

मराठीत आत्मचरित्रांची वाण नाही. ‘स्मृतिचित्रे’ मी किती वेळा वाचलं असेल याची गणतीच नाही, आणि आमच्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याच्या महादेवशास्त्री जोशींचं ‘आत्मपुराण’ही घरात आहे. पण ही बोलक्या माणसांची पुस्तकं. घुम्या माणसाला ‘मी’ म्हणून चार पानं लिहायलाही अवघड जातं. कुट्सींनी ‘तो’ म्हणून, थोडं कल्पनेतलं घालून, त्याच्यासाठी वाट काढली असं मला वाटतं. आपल्याकडे लिहिणाऱ्यांनी ती वापरून पाहावी. निवृत्त शिक्षक, पोस्टातले लोक, उभा जन्म रांधण्यात गेलेल्या बायका यांच्या कपाटांत अशा वह्या असणारच. आणि प्रकाशकांनी त्या चाळू नयेत, वाचाव्यात.

आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा अशा एखाद्या वहीतलं पान छापता आलं तर पाहावं. वडिलांच्या वहीतल्या दोन पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. जागेप्रमाणे कमी करायला माझी हरकत नाही. फक्त त्यांची वाक्यं एकमेकांना जोडू नयेत, ती तशीच तुटक राहू द्यावीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा