यादी पाठवतोय, पण लहान

कोल्हापूर,
ता. २१ डिसेंबर

प्रिय अन्या,

तुझं पत्र पोचलं. जानेवारीत सूनबाईला आणि व्याही-विहीणबाईंना घेऊन येतोयस, फार बरं वाटलं. पण शेवटी जी मागणी टाकली आहेस, ‘चांगल्या दहा हॉटेलांची नावं पाठव’, ती काही पुरी होणार नाही. आमची हॉटेलं वाईट आहेत असं नाही, पण त्यांचं ताट बारमाही. वैशाखात जे वाढतात तेच पौषात. थंडीत इथं जे खायचं ते मंडईतून नाहीतर शेतावरून घरी येतं, आणि मेनूकार्डावर त्याचं नावही नसतं. तेव्हा जेवणं आमच्याकडे. बाहेर खायचं ते सकाळ-संध्याकाळचं. हिनं तसं ठरवूनच टाकलंय, माझ्या हातात काही नाही.

कपिलतीर्थच्या मंडईत सध्या नुसता हिरवा रंग. पावटा, घेवडा, मटार, आणि ओल्या हरभऱ्याच्या जुड्या. सोलाण्याची आमटी तू शेवटची कधी खाल्लीस? डोंबिवलीत सोललेले दाणे पिशवीत मिळतात म्हणे, पण त्याला ती चव नाही. दाणे तव्यावर काळे ठिपके पडेपर्यंत परतायचे, निम्मे भरड वाटायचे, निम्मे तसेच ठेवायचे, आणि फोडणीत लसूण ठेचून भरपूर. वर चमचाभर घरची चटणी. आमटी जरा वेळ मुरू द्यायची, लगेच वाढायची नाही. तुम्ही १३ तारखेला इथं असाल असं बघ, भोगी आहे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि ती लेकुरवाळी भाजी. वर्षभर ज्वारी खाणाऱ्या आमच्या घरात बाजरीचं पीठ येतं ते या दिवसांतच.

आता मटण. २०१९ मध्ये मटणाचा दर वाढला म्हणून आंदोलन करणारं हे गाव, इथं पाहुण्याला मटण न घालता पाठवायचं म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. पण मी तुम्हाला हॉटेलात का नेत नाही ते सांगतो. मागं एका ठिकाणी (नाव घेत नाही) पाहुण्यांना घेऊन गेलो. सुट्टीचा दिवस, अंबाबाईच्या दर्शनाला आलेली सगळी गर्दी तिथंच. तासभर ताटकळलो, आणि वाटीत जो पांढरा रस्सा आला तो कॉर्नफ्लोअरची पेज होती. तांबड्यावर बोटभर तेल आणि रंग असा की बोटाचा जाईना. रस्सा हवा तेवढा वाढत होते, पण वाढून काय करता!

पांढऱ्याचं सगळं काम अळणीत, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यात असतं. मटण आलं-लसूण लावून कांद्यावर परतायचं, झाकणाच्या ताटात पाणी ठेवून ते अंगच्याच पाण्यात सुटू द्यायचं, मग ताटातलंच गरम पाणी आत ओतायचं. हळद नाहीच, नाहीतर पांढरा कसला राहतोय तो. ही अळणी निघाली की निम्मी लढाई जिंकलीस. मग खसखस, पांढरे तीळ आणि काजू गंधासारखे मऊ वाटून घ्यायचे, तुपात वेलदोडा, लवंग, दालचिनी, मिरी. ओल्या नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आणि ते पडल्यावर रस्सा खळखळून उकळू द्यायचा नाही, फाटतो. ही तेव्हा शेगडीसमोरून हलत नाही, फोन वाजला तरी मलाच पळवते. तांबडा त्या मानानं सोपा, कारण त्याचं काम उन्हाळ्यातच झालेलं असतं. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, डंकावर कांडून आणलेली चटणी बरणीत तयार. थंडीत पहाटे गारठा असला की आदल्या रात्रीचा तांबडा आणि शिळी भाकरी... पण हे व्याह्यांसमोर बोलू नकोस.

ओव्हनचं विचारलंयस. घेतला बाबा, मुलगीच घेऊन आली. पहिल्यांदा मी ‘कशाला हवाय’ म्हणालो, आता रविवारी मीच त्याच्याभोवती असतो. तुला आठवतंय, दिवाळीच्या आधी नानकटाईचं पीठ डब्यात घालून बेकरीत न्यायचो आणि भट्टीसमोर रांग लावायचो? आपलीच नानकटाई आपल्याला परत मिळेल याची खात्री नसायची. आता ती घरी होते. थंडीत तर जास्त चांगली होते, कारण तूप थिजलेलं असतं. थिजलेलं तूप आणि पिठीसाखर हातानं फेसली की हवा धरून ठेवते, पातळ तूप धरत नाही. म्हणून उन्हाळ्यातली नानकटाई पसरून पापडासारखी होते.

पण खरा शोध लागला तो गुळाच्या केकचा. आमच्या गुळाला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली तीही गुळाच्या व्यापारासाठी, आणि आम्ही मात्र केकात साखर घालत बसलो होतो. आता कणीक, किसलेला गूळ, दही, तूप, सुंठ, वेलची आणि खायचा सोडा. गूळ आणि दही दोन्ही जराशी आंबट असतात, सोड्याला तेवढंच पुरतं. गूळ लवकर करपतो म्हणून १८० ऐवजी १६० वर ठेवायचा, वेळ जास्त द्यायचा. साखरेच्या केकपेक्षा हा जास्त दिवस मऊ राहतो. म्हणजे राहील असं ऐकतो, आमच्याकडे तेवढा टिकत नाही.

गूळ मात्र पिवळाधमक आणू नको असं मी सगळ्यांना सांगतो. तो रंग बहुतेक वेळा हायड्रॉस पावडरचा, म्हणजे गूळ उजळ करणाऱ्या रसायनाचा. तुम्हाला एक दिवस गुऱ्हाळावर नेतो. काहिलीत रस उकळायला लागला की भेंडीचा चिकट रस घालून मळी वर काढतात, खाली चुलव्या चिपाडं सारत असतो, आणि गुळवा नुसत्या बुडबुड्यांकडे बघून सांगतो, आता काकवी काढा. थोड्या वेळानं पाक पाण्यात टाकून बोटानं गोळी वळून बघतो आणि काहील वाफ्यात ओततात. पौषातल्या सकाळी तिथं उभं राहिलं तर स्वेटर लागत नाही. गरम गूळ पानावर घेऊन खायचा, सूनबाईला आवडेल.

बाकी बाहेरचं म्हणशील तर एक सकाळ मिसळीची. उद्यमनगरात नेतो, रांग असते, तक्रार करायची नाही. कट मागून घ्यायचा, आणि बरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेडच. व्याहीबुवा आधी नाक मुरडतील, मग कट पुसून खातील, बघ तू. एक संध्याकाळ गंगावेशच्या कट्ट्यावर, समोर म्हैस पिळून फेसाचा ग्लास हातात. वाटेत खासबागेत भेळ. आणि पन्हाळ्यावर गेलो तर झुणका-भाकर आणि खर्डा, दुसरं काही मागू नको. एवढीच यादी. हमरस्त्यावरच्या ‘चुलीवरचं मटण’ पाट्यांना भुलू नका, चूल बहुधा पाटीवरच असते.

महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं आधी काढ, संक्रांतीच्या सुमारास मिळणार नाहीत. सकाळी स्टेशनवर मी गाडी घेऊन असेन. येताना ब्रेडचा लांबट टिन मिळाला तर आण, हिला पाहिजे आहे, इथं मिळाला तो फार छोटा. आणि व्याही-विहीणबाईंना मटण चालतं का, सोमवार-गुरुवार पाळतात का, ते तेवढं कळव. नाहीतर मी खाटकाला सांगून बसायचो आणि ते वांग्याच्या भरितावर जेवायचे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विजू